कानवाले मिस्त्री आणि मागचा आवाज

मला गळती सहन होत नाही. एकतीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात गळतीच शोधली, ती खोड निवृत्तीच्या कागदावर सही केल्याने जात नाही. कुणाकडे गेलो आणि आत कुठेतरी नळ ठिबकताना ऐकू आला की माझं गप्पांतलं लक्ष उडतं. बायको म्हणते, "लोक आपल्याला जेवायला बोलावतात आणि तुम्ही त्यांचे वायसर बदलून येता." म्हणते ते खरं आहे. माझ्या खिशात एक वायसर असतोच.

हे आधीच सांगून टाकतो, कारण ही हकीकत माझी नाही, कानवाल्या मिस्त्रींची आहे. पण त्यांच्या आयुष्यातल्या सगळ्यात वाईट पाच महिन्यांना माझी ही खोड कारणीभूत झाली. त्या माणसाचा जगात एकाच गोष्टीवर पुरता भरवसा होता, तो म्हणजे स्वतःच्या कानांवर. तो भरवसा मी घालवला. कसा घालवला ते तेव्हा मलाही कळलं नाही आणि त्यांनाही नाही. दोघंही आपापल्या घरी डोकं धरून बसलो होतो.

मिस्त्रींचं गॅरेज आमच्या मागच्या गल्लीच्या टोकाला. पत्र्याचं छप्पर, जेमतेम दोन गाड्या मावतील एवढी जागा, आणि मागच्या दारातून थेट त्यांच्या दोन खोल्यांत जाता यायचं. बाकीच्या गॅरेजांत रेडिओ कोकलत असतो. इथे रेडिओ नव्हता. भिंतीवर त्यांनी स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटी होती: "इंजिन चालू असताना बोलू नये." एकदा एक मोठ्या हुद्द्यावरचे गृहस्थ आपल्या गाडीची तक्रार सांगत होते, तर मिस्त्रींनी नुसतं एक बोट वर केलं आणि म्हणाले, "तुम्ही थांबा. तिला सांगू द्या." ते गृहस्थ मुकाट थांबले. मी समोरच होतो.

हातभर लांबीचा एक स्क्रूड्रायव्हर होता त्यांचा. त्याचं टोक इंजिनला टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. डोळे मिटायचे. मग दोन-चार जागा बदलून सांगायचे, "तिसऱ्याची झडप." किंवा, "पाण्याच्या पंपाचं बेअरिंग, अजून महिनाभर चालेल, मग या." आणि बरोबर निघायचं. म्हणून कानवाले. खरं नाव त्यांच्या वीजबिलावर असेल, आम्ही कधी वाचलं नाही.

हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. एकोणिसाव्या वर्षी ते बस डेपोत लागले, बस धुवायला. पहाटे ओळीने बस सुरू व्हायच्या आणि हे पाठमोरे, हातात पाण्याचा पाइप. कोणती बस कोणती, हे त्यांना न वळता कळायला लागलं. एक दिवस त्यांनी फोरमनला जाऊन सांगितलं, "सातवी आज सोडू नका, तिचं काहीतरी बिनसलंय." फोरमन हसला. ज्याने त्याने हसून घेतलं. सातवी तिसऱ्या थांब्यावर बसली ती ओढूनच आणावी लागली. दुसऱ्या दिवशी फोरमनने यांच्या हातातला पाइप काढून पाना दिला. बावीस वर्षं डेपोत काढून मग त्यांनी स्वतःचं गॅरेज टाकलं.

वहिनी, म्हणजे त्यांची बायको, आतल्या खोलीत शिवणकाम करायच्या. हे गाडीखाली आडवे पडलेले असले तरी तिथूनच ओरडायचे, "अगं, तेल घाल मशीनला!" वहिनींना त्याचा भारी राग यायचा, कारण मशीनला खरंच तेल हवं असायचं. येईल त्या गिऱ्हाइकाला त्या सांगायच्या, "यांना मशीन ऐकू येतं. माणूस ऐकू येत नाही. मी तीन हाका मारते तेव्हा एक पोचते." सगळे हसायचे, मिस्त्रीही हसायचे. तेव्हा ती थट्टा होती.

आता गाडीकडे येतो. माझ्या मामांची ती गाडी, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. सोळा वर्षं शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी. मामांना गुडघ्यांमुळे चालवणं जमेना आणि भंगारात देववेना. निवृत्त झालो तेव्हा मामा म्हणाले, "ने तुझ्याकडे. नाहीतरी तू आता घरात बसून बायकोचं डोकं खाणार." बायकोने मामांना लगेच दुजोरा दिला.

उंदरांनी मागच्या सीटमध्ये संसार थाटला होता. तळाचा पत्रा दोन ठिकाणी कुजला होता. पण इंजिन हाताने फिरत होतं. मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हर लावला, मी हँडल मारलं, आणि त्यांच्या तोंडावर असं काही हसू आलं की मला वाटलं, झालं, ही गाडी चालणार. कामाची वाटणी केली. इंजिन त्यांच्याकडे. पत्रा आणि रंग पलीकडच्या रंगाऱ्याकडे. आणि पेट्रोलची टाकी माझ्याकडे.

मीच मागून घेतली ती. म्हटलं, "टाकी हा माझा विषय आहे, मिस्त्री. आयुष्यभर टाक्याच पाहिल्या." ते म्हणाले, "मग प्रश्नच मिटला."

टाकी मी घरी आणली. आतला गंज काढायला मूठभर खडी आणि सायकलची जुनी साखळी टाकून दोन दिवस खडखडवली. सोड्याच्या गरम पाण्याने नऊ वेळा धुतली. बायकोने दारं-खिडक्या लावून घेतल्या आणि आतूनच बोलत होती. तिचं म्हणणं होतं की पेट्रोलचा वास उशीपर्यंत येतो. मग मी वास शोधायला लागलो. वास म्हणजे गळती, माझ्या डोक्यात दुसरं काही येतच नाही. टाकीच्या माथ्यावर, पेट्रोल भरायच्या तोंडाशेजारी, पेन्सिलीहून बारीक अशी एक नळी वर आलेली होती. तिला कुजलेला रबरी पाइप. तो पाइप गाडीत कुठे जात होता ते मी टाकी काढताना पाहिलं होतं: कुठेच जात नव्हता. डिकीखाली नुसता उघडा लोंबत होता. मामांच्या कुणा मेकॅनिकने काहीतरी जोडायचं अर्धवट सोडलं असणार असं मी ठरवलं, आणि ती नळी कथिलाचा डाग देऊन बंद केली. टाकीत काठोकाठ पाणी भरून, जपून, सुबक डाग दिला. मूळचं झाकण हरवलं होतं. मी बाजारातून नवीन आणलं, जाड रबराच्या चकतीचं, घट्ट बसणारं. मग टाकी उलटी केली, तिरकी केली, हलवली. एक थेंब बाहेर आला नाही. वासही गेला. मी इतका खूश होतो की त्या दिवशी बायकोला हाताला धरून बाहेर नेलं आणि टाकी हुंगायला लावली.

ही गोष्ट मिस्त्रींना मी सांगितली नाही. लपवायचं म्हणून नाही. वायसर बदलला तर कुणी जाऊन सांगतं का?

गाडी उभी राहिली. रंग झाला, काचा बसल्या. मिस्त्रींनी घरात वहिनींना हाक मारली, मी माझ्या बायकोला आणलं, आणि आम्ही चौघं वस्तीभोवती दोन फेऱ्या मारून आलो. गाडी अशी चालली की काही विचारू नका. मी ठरवलं, पहिला लांबचा फेरा बायकोला घेऊन मामांकडे. चोवीस किलोमीटर.

अकराव्या किलोमीटरला, पुलाच्या चढावर, गाडीने आचका दिला. मग दुसरा. आणि बंद. बॉनेट उघडून पाहिलं, सगळं जागच्या जागी. काट्यावर पेट्रोल भरपूर. अर्धा तास आम्ही कठड्यावर बसून राहिलो, बायको काही बोलली नाही, म्हणजे काय बोलायचं ते तिने राखून ठेवलं. मग सहज किल्ली फिरवली तर गाडी सुरू! जसं काही झालंच नव्हतं. परतताना पुन्हा तेच.

मिस्त्रींनी पेट्रोलचा पंप उघडला, त्याचा पडदा बदलला. वस्तीभोवती चार फेऱ्या, उत्तम. लांब नेली, बंद. मग कार्ब्युरेटर खोलून एकेक जेट फुंकून काढलं. मग पॉइंट. मग कॉइल. मग सगळ्या वायरी. दर वेळी गॅरेजमध्ये इंजिन तालात चालायचं, मिस्त्री स्क्रूड्रायव्हर लावून मान डोलवायचे, आणि दर वेळी मी कुठल्यातरी चढावर उभा असायचो. त्यात एक जास्तीचा घोळ. टाकी पूर्ण भरून निघालं की गाडी लवकर बंद पडायची. अर्धी असली की लांब जायची. एकदा पाव टाकीवर ती थेट मामांच्या दारापर्यंत पोचली. मामा म्हणाले, "चांगली तर चालते की!" पाव टाकीवर चालणारी आणि पोट भरलं की बसणारी गाडी मी ऐकली नव्हती, मिस्त्रींनीही नाही. त्यांनी कागदावर दोन रकाने करून लिटर आणि किलोमीटर मांडले, आणि तो कागद उलटासुलटा करून बघत बसले. "उपाशी ठेवली की पळते," म्हणाले. "याचा अर्थ काय लावायचा, साहेब?" मला काय माहीत! माझंच डोकं बधिर झालं होतं.

तिसऱ्या महिन्यात ते म्हणाले, "आता मीच येतो. तुम्ही चालवा, मी ऐकतो."

टाकी भरली आणि निघालो. मिस्त्री मागच्या सीटवर, डोळे मिटून, हात मांडीवर. आठ किलोमीटर एक शब्द नाही. मग अचानक बोट वर झालं.

"मागे आवाज झाला."

"कसला?"

"पत्रा दबल्यासारखा. टुण्. डब्याला अंगठ्याने दाबलं की होतो तसा."

मी कान दिला. इंजिन, चाकं, वारा. "मला नाही आला."

"टाकीकडून आला. साहेब, टाकीला हवा मिळतेय ना?"

आता इथे मी काय बोललो ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणालो, "मिस्त्री, एक थेंब बाहेर येणार नाही अशी केली आहे ती टाकी."

"मी थेंब नाही विचारला. हवा विचारली."

माझं डोकं फिरलं. तीन महिने गाडी उभी राहत होती, तीन महिने यांनी सगळं उघडून झालं, आणि आता माझ्या हातचं जे एकच काम, त्यावर बोट! मी म्हणालो, "टाकी सोडून बोला. मागे काही नाही. तुम्हाला भास झाला असेल."

आरशात त्यांचं तोंड दिसत होतं. रागावले असते तर बरं झालं असतं. पण ते बावचळल्यासारखे झाले. "तुम्हाला अजिबात नाही ऐकू आला?" त्यांनी विचारलं.

"अजिबात नाही," मी म्हणालो. आणि ते खोटं नव्हतं. मला खरंच ऐकू आलं नव्हतं.

पुढच्या किलोमीटरला गाडी बसली. मिस्त्री उतरले. मला वाटलं होतं मागे जातील, वाकून बघतील. ते पुढे गेले आणि बॉनेट उघडून नुसते उभे राहिले. मागे गेलेच नाहीत. एका भास झालेल्या माणसाने मागे जाऊन काय करायचं?

त्यानंतर जे झालं ते मी तुकड्यातुकड्याने पाहिलं, आणि त्याचा आपल्याशी संबंध आहे हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. त्यांनी स्क्रूड्रायव्हर लावायचा, काढायचा, पुन्हा तिथेच लावायचा. मग मालकाला विचारायचं, "तुम्हाला काय ऐकू येतंय?" मालक गोंधळायचा. ज्याला ऐकू येत नाही म्हणून तो इथे आला, त्यालाच विचारल्यावर तो काय सांगणार? एका टॅक्सीवाल्याचं चांगलं चालणारं इंजिन त्यांनी बेअरिंगचा आवाज येतो म्हणून पुरतं खोललं. आत काही नव्हतं. टॅक्सीवाला चार दिवस घरी बसला आणि मग चार लोकांत बोलला. बोलणारच.

वहिनींची थट्टा आता पुराव्यासारखी उभी राहिली. तीन हाकांत एक पोचते. म्हणजे कधीपासून हे चाललंय? दहा वर्षांपासून? मग दहा वर्षं आपण लोकांना जे सांगितलं ते काय, अंदाज? मिस्त्री हे मला स्वतः म्हणाले, गॅरेजच्या दारात, हातात फडकं घेऊन. मी म्हणालो, "वय होतं, मिस्त्री, सगळ्यांचंच होतं." म्हणजे धीर द्यायला गेलो आणि उरलंसुरलं काढून घेतलं.

ते कानाच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने चांगलं आहे, वरच्या पट्टीतले आवाज जरासे कमी. मिस्त्रींनी त्यातलं एवढंच घरी आणलं: कमी.

पाचव्या महिन्यात त्यांनी मला बोलावून किल्ली परत दिली. "साहेब, हिचं मला कळत नाही," ते म्हणाले. "हिचं कळत नाही ते सोडा. आता कुठलीच गाडी काय म्हणते ते कळेनासं झालंय. सगळ्या सारख्याच वाजतात." पुढच्या आठवड्यात शटर खाली आलं. लोक म्हणाले, पाठदुखी. कुणी म्हणालं, मुलीकडे जाणार आहेत राहायला. मला वाईट वाटलं, पण खरं सांगतो, त्याहून जास्त चिडचिड झाली. माझी गाडी अर्धवट राहिली होती.

बायको म्हणाली, विका. मीही तयार झालो. बघायला येणाऱ्याला निदान किती पेट्रोलवर किती लांब जाते ते नीट सांगता यावं म्हणून एका सकाळी गाडी फिरवून आणली. घराच्या वळणावर ती नेमाने बंद पडली. शेजारच्या दोघांनी ढकलून दारात आणून दिली. मी तसाच तणतणत उतरलो, काट्यावर माझा विश्वास उरला नव्हता, म्हटलं काठी घालूनच बघू. एरवी मी झाकण उघडायचो ते दुसऱ्या दिवशी, पेट्रोल भरताना. गाडी बंद पडल्या पडल्या कधीच नाही. तेव्हा आम्ही सगळे पुढे, बॉनेटमध्ये डोकं घालून.

झाकण फिरेना. दोन्ही हातांनी पिळलं. ते सैल झालं आणि हवा आत ओढली जायला लागली. बाहेर नाही, आत. सूं करून लांब, थांबेचना. आणि मग गाडीच्या पोटातून आवाज आला.

टुण्.

झाकण हातात घेऊन मी तसाच उभा राहिलो. बायको दारातून म्हणाली, "काय झालं? चेहरा का असा?"

निवृत्तीच्या सहा वर्षं आधी आमच्या खात्याची एक मोठी पोलादी टाकी बसली होती. रंगाऱ्यांनी वरच्या हवेच्या नळीत रंग जाऊ नये म्हणून तिला प्लॅस्टिक बांधलं आणि काढायचं विसरले. खालून पाणी सोडलं, वरून हवा येईना, आणि टाकीचं छप्पर आत ओढलं गेलं. चौकशीचा अहवाल कुणी लिहिला? मी. सतरा पानं. नंतर दरवर्षी नव्या लोकांसमोर मी भाषण द्यायचो: टाकीतून पाणी जायचं असेल तर आत हवा यायला हवी. हे मी फळ्यावर चित्र काढून शिकवायचो! आणि ज्या नळीतून गाडीची टाकी श्वास घेत होती ती मी स्वतः सुबक डाग देऊन बंद केली, वर घट्ट झाकण बसवलं. पंप बिचारा ओढत होता, आत पोकळी होत होती, शेवटी पेट्रोल येईना. टाकी भरलेली असली की आत हवा थोडीच, ती लवकर संपायची. अर्ध्या तासाने कुठून तरी झिरपून पुन्हा यायची. दोन रकान्यांच्या त्या कागदात सगळं होतं.

पण मला रकान्यांचं काही वाटलं नाही. मला आरशातलं ते तोंड दिसत होतं. लाज काय असते ते मला वयाच्या एकसष्टाव्या वर्षी घरासमोरच्या रस्त्यावर कळलं.

बायकोला सगळं सांगितलं. ती वाट्टेल ते बोलेल अशी माझी तयारी होती. ती एवढंच म्हणाली, "आत्ता जा. उद्या नाही, आत्ता."

झाकणाला बारीक ड्रिलने एक भोक पाडलं, ते बसवलं, आणि गाडी घेऊन मागच्या गल्लीत गेलो. शटर खालीच होतं, मी बाजूच्या दाराने आत शिरलो. वहिनी मशीनवर होत्या. मिस्त्री समोर स्टुलावर बसून मशीनच्या चाकाकडे बघत होते. नुसते बघत होते.

"मिस्त्री," मी म्हणालो, "आवाज होता."

"कुठला आवाज?"

"त्या दिवशीचा. मागचा. टुण्. मी आज ऐकला."

मी सगळं सांगितलं. नळी, डाग, झाकण, वास, भरलेली आणि रिकामी टाकी. मध्ये न थांबता, एका दमात, शाळेतल्यासारखं उभं राहून. "भास तुम्हाला नव्हता झाला," मी म्हणालो. "मला माज आला होता."

ते उठले आणि बाहेर गेले. गाडीच्या मागे गुडघ्यांवर बसले, हात आत घातला आणि टाकीचा पत्रा तळहाताने दाबला. टुण्. हात काढला. पुन्हा दाबला. टुण्. तिसऱ्यांदा दाबला आणि तसेच बसून राहिले, पाठ माझ्याकडे करून.

आतलं मशीन थांबलं होतं. वहिनी दारात आल्या. इतक्या वर्षांत त्या माझ्याशी कधी चढ्या आवाजात बोलल्या नव्हत्या.

"साहेब, या माणसाने तीन महिने मला काय काय विचारलंय माहीत आहे? दारावर कुणी आलं का. नळ चालू राहिलाय का. मी हसले की विचारायचे, तू हसलीस ना? परवा मशीनला तेल हवं होतं, खडखडत होतं चांगलं. दोन दिवस मी मुद्दाम घातलं नाही. म्हटलं ओरडतील. ओरडले नाहीत. ऐकू येत होतं त्यांना, पण म्हणाले, मला वाटलं मलाच तसं वाटतंय."



मिस्त्री उठले, गुडघे झटकले. "किल्ली द्या."

मी दिली. ते बसले. मी सवयीने पलीकडच्या दाराकडे वळलो तर म्हणाले, "तुम्ही इथेच थांबा." आणि गेले.

मी आणि वहिनी उभे. त्यांनी मला बसा म्हटलं नाही आणि मीही बसलो नाही. दहा मिनिटं झाली. वीस. माझ्या मनात शंका यायला लागली: आणि दुसरंच काही असेल तर? भोक पुरलं नाही तर? मी तर तपासलंही नव्हतं. पुन्हा एकदा छातीठोक सांगून मोकळा झालो होतो. पुलाच्या चढावर ती बसली तर हा माणूस आता काय समजेल स्वतःबद्दल? तास होत आला.

गल्लीच्या तोंडाशी गाडी दिसली. मी हात वर केला. ती आमच्यासमोरून निघून गेली. मिस्त्रींनी मान वळवली नाही. पुढच्या वळणावरून त्यांनी दुसरा फेरा घेतला, तोही माझ्यासमोरून. तिसऱ्या फेऱ्याला वहिनींनी पदराने डोळे पुसले आणि आत जाऊन चहाचं आधण ठेवलं. चौथ्या फेऱ्याला गाडी थांबली.

मिस्त्री उतरले नाहीत. काच खाली केली.

"पुलापलीकडे सहा किलोमीटर जाऊन आलो," ते म्हणाले. "पुढच्या डाव्या चाकातून आवाज येतोय. बारीक आहे. बेअरिंग असेल. गाडी उद्या सकाळी इथे सोडा. टाकीची नळी मी मोकळी करीन. तुम्ही हात लावायचा नाही."

इंजिन चालूच होतं. मी खाली वाकून डाव्या चाकाजवळ कान नेला. मला काही ऐकू आलं नाही. गाडी उभी असताना चाकातून आवाज कसा येईल, हेही माझ्या डोक्यात आलं नाही. मिस्त्री माझ्याकडे बघत होते, काय म्हणतो हा, अशा नजरेने. ते खरंच काही ऐकून आले होते की मला जोखत होते, याचा मला आजही उलगडा झालेला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी चाक उघडलं, पुन्हा बसवलं, आणि आत काय सापडलं ते सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

त्या क्षणी मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, "मला नाही ऐकू आला. पण तुम्ही म्हणता म्हणजे आहे. सकाळी किती वाजता सोडू?"

"आठला," ते म्हणाले. "शटर उघडं असेल."